चाकांवरचे घर आणि झंझावात

घराची स्थिरता आणि प्रवासाची मोकळीक ही दोन्ही सुखे एकदमच हवीशी वाटू लागली, तेव्हा माणसाने घरालाच चाके लावली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत चाकांच्या या घराचा जेवढा प्रसार झाला आहे, तेवढा अन्यत्र क्वचितच आढळेल. मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यावयाचा ट्रेलर, चालकाची बैठक आणि राहण्याची खोली एकाच सांगाड्यावर असलेले मोटारहोम, आणि पिकअप गाडीच्या पाठीवर बसविलेली आटोपशीर खोली, असे याचे नाना प्रकार आहेत. प्रस्तुत लेखात सोयीसाठी या सर्वांना मिळून कॅम्पर म्हटले आहे. सुटीत हिंडावयास निघालेली सुखवस्तू कुटुंबे तर यात राहतातच. पण उत्तर डकोटातील तेलविहिरींवरचे मजूर, बीटाच्या काढणीपुरते रेड नदीच्या खोऱ्यात येणारे कामकरी, आणि निवृत्तिवेतनातून घरभाडे परवडत नाही म्हणून उतारवयात रस्त्यावर आलेली माणसे, यांचे तर तेच बारमाही घर असते. या शेवटच्या वर्गाचे जिणे जेसिका ब्रूडर या लेखिकेने २०१७ साली ‘नोमॅडलँड’ या पुस्तकात मांडले, आणि पुढे क्लोई झाओ यांच्या चित्रपटामुळे ते जगभर पोहोचले.

या घराचा सगळा गुण त्याच्या हलकेपणात आहे. हलके म्हणून ते ओढता येते, कोठेही उभे करता येते आणि नकोसे वाटताच हलविता येते. परंतु निसर्ग खवळला म्हणजे हाच गुण जिवावर उठतो. म्हणून जे कॅम्परमध्ये राहतात किंवा चार दिवस राहू इच्छितात, त्यांनी एक गोष्ट मनात पक्की धरून ठेवली पाहिजे. प्रचंड वादळात कॅम्पर हा आसरा नसून वेळीच सोडून जाण्याची वस्तू आहे. आणि तो सोडून कोठे जावयाचे याचा निश्चय आकाश निरभ्र असतानाच झालेला असला पाहिजे. असे का, हे नीट समजण्यासाठी प्रथम त्या मुलखातील वाऱ्याचा आणि नंतर या घराच्या भिंतीचा विचार करावा लागेल.

अमेरिकेचा मध्यभाग हा वादळांचा रंगमंच बनला, त्याचे कारण त्या भूमीच्या रचनेत आहे. दक्षिणेस मेक्सिकोच्या आखातावरून उष्ण आणि आर्द्र हवा वर सरकत येते. पश्चिमेकडील उंच पठारांवरून आणि रॉकी पर्वताच्या बाजूने कोरडी हवा येऊन तिच्यावर पसरते. उत्तरेकडून कॅनडातील थंड हवेला अडविणारा एकही आडवा डोंगर वाटेत नाही. खालची हवा वर उसळू पाहते, परंतु मधला उष्ण, कोरडा थर झाकणासारखा तिला काही काळ दाबून ठेवतो. आणि दुपार कलता कलता ते झाकण फुटले म्हणजे तासाभराच्या आत पंधरा-पंधरा किलोमीटर उंचीचे मेघ उभे राहतात. जमिनीलगतचा वारा एका दिशेचा व उंचावरचा निराळ्या दिशेचा आणि अधिक वेगाचा असेल, तर वर चढणारा हवेचा स्तंभ स्वतःभोवती फिरू लागतो, आणि अशा फिरत्या मेघातून कधीकधी टॉर्नेडो जमिनीला टेकतो. अमेरिकेत वर्षाला सरासरी बाराशेच्या आसपास टॉर्नेडो नोंदले जातात. त्यांतील बहुसंख्य दुर्बळ आणि अल्पायुषी असतात. पण दुर्बळ हा शब्द पक्क्या पायाच्या घराच्या हिशेबाने वापरलेला आहे, चाकांवरच्या घराच्या हिशेबाने नव्हे, हे लक्षात ठेवावयास हवे.

टॉर्नेडोची तीव्रता मोजण्याची जी पद्धत आज रूढ आहे, तिचे जनक तेत्सुया फुजिता हे जपानी शास्त्रज्ञ होत. क्यूशू बेटावरील एका तंत्रविद्यालयात ते अध्यापन करीत असताना दुसरे महायुद्ध संपले, आणि अणुबाँबने उद्ध्वस्त झालेल्या शहरांची पाहणी करण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले. केवळ पडझडीच्या खुणांवरून संहारक शक्तीची दिशा आणि मात्रा ओळखण्याची दृष्टी त्यांना तेथे लाभली. १९५३ साली ते शिकागो विद्यापीठात गेले आणि १९७१ मध्ये त्यांनी टॉर्नेडोची श्रेणी सुचविली. तिचीच सुधारलेली आवृत्ती २००७ पासून अमेरिकेत अंमलात आहे. तीत शून्यापासून पाचापर्यंत सहा पायऱ्या असून पहिल्या पायरीचा वारा ताशी सुमारे १०५ किलोमीटरपासून सुरू होतो आणि शेवटच्या पायरीचा ताशी ३२० किलोमीटरच्याही पलीकडे जातो. याच फुजितांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली, आणि कॅम्परमध्ये राहणाऱ्यांच्या दृष्टीने ती अधिक महत्त्वाची आहे. १९७५ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरताना एक प्रवासी विमान कोसळले. त्याचा शोध घेताना त्यांच्या ध्यानात आले की, गडगडाटी मेघातून थंड हवेचा लोंढा एकदम खाली आदळतो आणि जमिनीवर चहूकडे सरळ रेषेत धावत सुटतो. अशा सरळ वाऱ्यात गरगर फिरणारे नरसाळे दिसत नाही, म्हणून लोक निर्धास्त राहतात; परंतु त्याचा वेग दुर्बळ टॉर्नेडोला सहज मागे टाकतो. १० ऑगस्ट २०२० रोजी आयोवा संस्थानावरून असाच सरळ वाऱ्यांचा एक विशाल पट्टा गेला, आणि काही ठिकाणी त्याचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर होता.

आता भिंतीकडे वळू. एखाद्या सामान्य ट्रेलरची भिंत कापून पाहिली तर बाहेरून ॲल्युमिनियमचा किंवा फायबरग्लासचा पातळ पत्रा, मध्ये दोन-अडीच बोटे जाडीच्या लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची चौकट, तिच्या पोकळीत फोम किंवा काचतंतूची भर, आणि आतून भिंतीचा कागद चिकटविलेली पातळ प्लायवुडची फळी, एवढाच सारा सरंजाम हाती लागतो. ती भिंत खालच्या पोलादी सांगाड्याला स्क्रूंनी जोडलेली असते. तो सांगाडा रबरी टायरांवर उभा असतो. आणि चार कोपऱ्यांना ज्या जॅकच्या टेकण्या दिलेल्या दिसतात, त्यांचा उपयोग आत चालताना घर डुलू नये एवढ्यापुरताच असतो, घराला जमिनीशी बांधून ठेवण्यासाठी नसतो. घर आणि धरणी यांच्यामध्ये वजनावाचून दुसरे कोणतेही बंधन नाही, आणि ते वजन तर कारखानदाराने मुद्दाम कमी केलेले असते.

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ७२ किलोमीटरचा वारा त्याला आडव्या येणाऱ्या पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे २५ किलो वजनाइतका दाब देतो. वेग दुप्पट होऊन १४४ किलोमीटर झाला की दाब चौपट, म्हणजे १०० किलो होतो. आठ मीटर लांब आणि अडीच मीटर उंच अशा ट्रेलरची कूस वीस चौरस मीटरांची धरली, तर पहिल्या वाऱ्यात तिच्यावर अर्ध्या टनाचा आणि दुसऱ्यात दोन टनांचा रेटा येतो. असा ट्रेलर भरल्या सामानानिशी तीन टनांच्या आसपास भरतो. परंतु त्याची उंची अधिक आणि चाकांमधील अंतर कमी असल्यामुळे रेटा वरच्या अंगाला बसतो व तोल सांभाळणारी बाजू आखूड पडते. त्यातच वारा तळाखालून शिरतो आणि छतावरून वाहताना त्याला वर खेचतो, म्हणजे जे वजन हेच एकमेव बंधन, तेही त्या क्षणी कमी होते. म्हणून ताशी ११०-१३० किलोमीटरचा वारा कुशीवर आला तर असे घर कलंडू शकते, आणि हा वेग टॉर्नेडोच्या सर्वांत खालच्या पायरीतच मोडतो. याच गणितातून एक उपयुक्त निष्कर्षही निघतो. ट्रेलरचे तोंड वाऱ्याकडे केले, तर वाऱ्याला सापडणारे क्षेत्रफळ तिपटीने कमी होते. तेव्हा ज्या दिशेने वादळे येतात ती दिशा विचारून घेऊन घर उभे करणे हा पहिला शहाणपणा होय.

कायद्याच्या दृष्टीनेही कॅम्पर उघड्यावरच आहे. अमेरिकेत कारखान्यात तयार होऊन जागेवर नेऊन ठेवली जाणारी मोठी घरे, ज्यांना मोबाइल होम म्हणतात, त्यांच्या बांधणीसाठी १९७६ पासून संघराज्य शासनाचे नियम लागू आहेत. २४ ऑगस्ट १९९२ रोजी अँड्र्यू नावाचे सागरी चक्रीवादळ फ्लोरिडाच्या दक्षिण टोकावर धडकले, तेव्हा होमस्टेड या गावातील अशा १,१७६ घरांपैकी १,१६७ घरे समूळ नष्ट झाली. या अनर्थानंतर १९९४ मध्ये नियम अधिक कडक झाले. देशाचे वाऱ्याच्या जोरानुसार भाग पाडण्यात आले आणि किनाऱ्यालगतच्या घरांसाठी बांधणी व जमिनीशी जखडण्याची व्यवस्था यांच्या निराळ्या तरतुदी झाल्या. कॅम्परला मात्र या तरतुदींचा लाभ नाही, कारण कायदा त्याला घर मानीत नाही, वाहन मानतो. जो मनुष्य त्यात बारा महिने संसार करतो, त्याच्यासाठी वाऱ्याविरुद्ध कोणतीही सरकारी हमी त्या भिंतीत नसते.

याचा अर्थ एका रात्रीत कसा उमगतो, हे उत्तर डकोटातील वॉटफर्ड सिटीने पाहिले आहे. तेलाच्या धंद्यामुळे या लहानशा गावाची वस्ती एकाएकी वाढली आणि पुष्कळ कामगार कुटुंबांसह ट्रेलरांतून राहू लागले. १० जुलै २०१८ रोजी मध्यरात्र उलटून गेल्यावर तेथील एका ट्रेलरवस्तीवर टॉर्नेडो आला. त्यातील वाऱ्याचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या आसपास असल्याचा अंदाज निघाला, म्हणजे सहा पायऱ्यांपैकी तो तिसऱ्या पायरीवरचा होता. ट्रेलर उलटले, फुटले, एकमेकांवर जाऊन पडले; पंचवीसहून अधिक माणसे जखमी झाली; आणि जन्माला येऊन जेमतेम आठवडा झालेले एक अर्भक दगावले. पक्क्या घरात तळघराकडे धावणाऱ्या कुटुंबाला जी संधी मिळाली असती, ती या लोकांना मिळाली नाही. कारण त्यांच्या पायाखाली तळघर नव्हते, आणि वेळ रात्रीची होती.

रात्र हा या विषयातील फार मोठा शत्रू आहे. रात्रीचे टॉर्नेडो दिवसाच्या टॉर्नेडोंच्या दुपटीहून अधिक प्राणघातक ठरतात, असे अमेरिकेतील अभ्यासकांना आढळून आले आहे. ६ नोव्हेंबर २००५ रोजी रात्री दोनच्या सुमारास इंडियाना संस्थानातील इव्हान्सव्हिल शहराजवळच्या एका मोबाइल होमच्या वस्तीत टॉर्नेडो शिरला आणि एकट्या त्या वस्तीत वीस माणसे मरण पावली. हवामानखात्याने इशारा दिलेला होता. परंतु झोपलेल्या माणसाच्या कानापर्यंत तो नेणारे साधन बहुतेक घरांत नव्हते. त्या रात्री ज्या मातेने आपला दोन वर्षांचा मुलगा गमावला, तिने पुढे नेटाने खटपट केली आणि २००७ साली इंडियानात असा कायदा झाला की, नव्याने बसविलेल्या प्रत्येक मोबाइल होममध्ये हवामानाचा रेडिओ असलाच पाहिजे. दुःखाचे असे लोकोपयोगी तरतुदीत रूपांतर करणाऱ्या त्या बाईविषयी कोणालाही आदरच वाटेल.

हा रेडिओ म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. अमेरिकेच्या हवामानखात्याची एक हजाराहून अधिक प्रक्षेपण केंद्रे देशभर विखुरलेली आहेत आणि ती अहोरात्र मुख्यतः हवामानाचे वृत्त देतात. घरातील यंत्र निमूट पडून असते. इशारा आला की ते मोठ्याने किंचाळून उठते. यात सहा आकडी संकेतांक घालून आपल्या कौंटीपुरतेच, म्हणजे आपल्याकडील तालुका-जिल्ह्यासारख्या विभागापुरतेच, इशारे मागविता येतात. नेमकी येथेच फिरस्त्याची गफलत होते. इशाऱ्यात कौंटीचे नाव घेतलेले असते, आणि सकाळी एका संस्थानात व संध्याकाळी दुसऱ्यात मुक्काम करणाऱ्या माणसाला आपण कोणत्या कौंटीत उभे आहोत याची अनेकदा दादही नसते. रेडिओत संकेतांक मात्र चार मुक्कामांपूर्वीचा असतो. म्हणून मुक्कामावर पोचताच कौंटीचे आणि जवळच्या दोन-तीन गावांचे नाव विचारून कागदावर लिहून दाराशी लावणे, आणि रेडिओचा संकेतांक बदलणे, ही कामे चहाच्या आधी उरकावी. मोबाइल फोनवरही २०१२ पासून असे इशारे आपोआप येतात. पण जंगलातील तळांवर पुष्कळदा फोनला संदेशलहरीच मिळत नाहीत, तेव्हा केवळ त्याच्यावर विसंबून राहू नये.

इशाऱ्यांचे दोन दर्जे आहेत आणि त्यांतील भेद प्राणांच्या मोलाचा आहे. पहिला ‘वॉच’. वादळास अनुकूल परिस्थिती आहे, सावध राहा, असा त्याचा आशय. तो विस्तीर्ण प्रदेशासाठी आणि काही तासांसाठी दिला जातो. दुसरा ‘वॉर्निंग’. संकट रडारवर किंवा प्रत्यक्ष डोळ्यांना दिसले आहे, तत्काळ आसरा घ्या, असा त्याचा हुकूम असतो. टॉर्नेडोचे भाकीत करता येते हे पहिल्यांदा सिद्ध झाले २५ मार्च १९४८ रोजी. ओक्लाहोमातील टिंकर विमानतळावर पाच दिवसांपूर्वीच एक टॉर्नेडो येऊन गेला होता, आणि फॉबुश व मिलर या दोन लष्करी अधिकाऱ्यांनी तशीच हवा पुन्हा जुळून आलेली पाहून इशारा दिला, तो त्याच संध्याकाळी खरा ठरला. आज विज्ञान कितीतरी पुढे गेले असले, तरी वॉर्निंग आणि टॉर्नेडोचा आघात यांत सरासरीने दहा-बारा मिनिटांहून फारसा अवधी मिळत नाही. पक्क्या घरातील माणूस दहा मिनिटांत तळघर गाठतो. कॅम्परमधील कुटुंबाने त्याच दहा मिनिटांत मुलांना उठवून, जोडे घालून, अंधारात आणि पावसात कोठे जावयाचे याचा विचार सुरू केला तर ती पुरत नाहीत. यास्तव चाकांच्या घरात राहणाऱ्याने पक्क्या घरातील माणसाच्या एक पायरी पुढे असावे. इतर लोक वॉर्निंग आल्यावर उठतील, तर याने वॉच लागताच, विशेषतः दिवस मावळतीला आला असेल तर, रात्रीपुरते एखाद्या मजबूत इमारतीत राहावयास जावे. आणि टॉर्नेडो या शब्दाची वाट पाहू नये. अमेरिकेत ताशी ९३ किलोमीटरपासूनच्या वाऱ्याला तीव्र वादळ म्हणून इशारा दिला जातो, आणि चाकांवरच्या घराला तेवढी वार्ता निघण्यास पुरेशी आहे.

जावयाचे कोठे, याचे उत्तर प्रत्येक तळावर दिवसाउजेडी शोधता येते. कॅम्परच्या तळांवर सार्वजनिक स्नानगृहे असतात आणि ती बहुधा काँक्रीटच्या विटांची, लहान लहान दालनांची व थोड्या खिडक्यांची बांधलेली असतात. मध्य पश्चिमेतील कित्येक तळांवर तर यांनाच वादळी आसऱ्याचे रूप दिलेले असते. अधिकृत सुरक्षित दालने ताशी ४०० किलोमीटरचा वारा सोसतील अशा हिशेबाने बांधतात. तळाच्या कचेरीत नोंद करताना तीन प्रश्न विचारावेत: वादळी आसरा कोठे आहे, तो रात्री उघडा असतो की कुलूपबंद, आणि येथून पायी तेथवर किती मिनिटे लागतात. मग घरातील सर्वांनी ती वाट एकदा प्रत्यक्ष चालून पाहावी. आसरा नाही असे उत्तर आले आणि आकाशाचा रंग बरा नसला, तर पुढच्या गावी जावे.

या बाबतीत काही गैरसमज इतके पसरले आहेत की त्यांची स्पष्ट दखल घेणे प्राप्त आहे. १९९१ च्या एप्रिलमध्ये कॅन्ससच्या महामार्गावर दूरदर्शनच्या एका पथकाने काही प्रवाशांसह पुलाखाली आसरा घेतला, टॉर्नेडो जवळून गेला आणि सारे वाचले. ती चित्रफीत देशभर दाखविली गेली आणि महामार्गाचा पूल म्हणजे हक्काचा आसरा अशी समजूत रूढ झाली. ३ मे १९९९ रोजी ओक्लाहोमात अशाच तीन निरनिराळ्या पुलांखाली तीन जणांनी प्राण गमावले, तेव्हा तिचे खरे मोल कळले. पुलाखालच्या चिंचोळ्या जागेतून वारा अधिक वेगाने घुसतो, आणि त्याने उडविलेले पत्रे, काचा व ओंडके तेथे दडलेल्या माणसांवर येऊन आदळतात. दाब समान राहावा म्हणून खिडक्या उघडाव्यात हा समजही असाच घातक आहे. त्याने वाऱ्याला आत येण्याची वाट मिळते आणि मोलाची मिनिटे वाया जातात. मोटारीत बसून टॉर्नेडोशी शर्यत लावणेही बरे नव्हे. ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातील एल रीनोजवळ सव्वाचार किलोमीटर रुंदीचा टॉर्नेडो झाला. त्यात टिम समारस यांच्यासारखा वादळांचा मुरलेला अभ्यासक, त्यांचा मुलगा आणि त्यांचे सहकारी मोटारीत असतानाच मरण पावले. आयुष्य या विद्येत घालविलेल्यांना जे साधले नाही, ते प्रवाशाला साधेल असे मानू नये. अगदीच निरुपाय झाला, तर कॅम्परमध्ये थांबण्यापेक्षा मोटारीत पट्टा बांधून, डोके खिडकीच्या खाली घेऊन व हातांनी झाकून बसावे, किंवा जमिनीपेक्षा खोलगट व कोरड्या जागी पालथे पडून मान आणि डोके झाकावे; मात्र हे दोन्ही मार्ग शेवटचे समजावेत.

वाऱ्याइतकाच झाडांचाही विचार केला पाहिजे. तळावरची दाट सावली दुपारी सुखाची वाटते. २४ जुलै २०१४ रोजी व्हर्जिनियातील चेरीस्टोन येथील समुद्रकाठच्या तळावर वादळ आले, तेव्हा तेथे हजाराहून अधिक लोक उतरलेले होते. टॉर्नेडो तसा सौम्य दर्जाचाच होता, पण झाडे मोडून पडली, तंबूतील एक दांपत्य मृत्युमुखी पडले आणि ३६ जण जखमी झाले. वठलेले झाड, पोखरलेला बुंधा किंवा डोक्यावर आलेली सुकी फांदी दिसली की सावलीचा मोह सोडून मोकळ्या जागेवर घर उभे करावे.

आणि वाऱ्याहून कपटी आहे ते पाणी, कारण ते बहुधा दुसऱ्याच गावी पडलेल्या पावसाचे असते. ३१ जुलै १९७६ रोजी कोलोरॅडो संस्थानाचा शतसांवत्सरिक उत्सव दुसऱ्या दिवसावर आलेला असताना बिग थॉम्पसन नदीच्या अरुंद घळीत प्रवासी आणि कॅम्परवाले गर्दीने उतरले होते. घळीच्या माथ्यावर एक मेघ जागचा न हलता बरसत राहिला. काही तासांत सुमारे ३० सेंटिमीटर पाऊस पडला आणि रात्री पाण्याची भिंत घळीतून खाली आली. १४४ माणसे गेली. भूगोलाच्या अभ्यासक ईव्ह ग्रुन्टफेस्ट यांनी नंतर त्या रात्री कोणी काय केले याचा कसून तपास केला, तेव्हा दिसून आले की गाडी सोडून जे घळीच्या उतारावर चढले ते बहुतांशी वाचले, आणि गाडीतून पुराच्या पुढे निघून जाऊ म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळ बुडाले. आज त्या संस्थानातील घळींमध्ये पूर आल्यास वर चढा असे सांगणारे फलक रस्त्याच्या कडेला लावलेले दिसतात. तरीही हा धडा पुन्हा पुन्हा विसरला गेला. ११ जून २०१० च्या पहाटे आर्कान्सामधील अल्बर्ट पाइक या वनतळावर नदी काही तासांत सुमारे सहा मीटरांनी चढून वीस जण मेले. स्पेनमध्ये बिएस्कास येथे ७ ऑगस्ट १९९६ रोजी तळ उद्ध्वस्त होऊन ८७ जण मेले, कारण तो एका डोंगरी ओढ्याने पूर्वी पंख्यासारख्या पसरविलेल्या गाळावर वसविलेला होता. ४ जुलै २०२५ रोजी टेक्सासमध्ये ग्वाडलूप नदी पाऊण तासात सुमारे आठ मीटरांनी चढली आणि तिच्या काठचे कॅम्परतळ धुऊन गेले. साठ सेंटिमीटर खोल वाहते पाणी बहुतेक वाहनांना उचलून नेते. मग आतून पोकळ आणि अंगाने रुंद अशा कॅम्परची कथा काय? नदीकाठची जागा सर्वांत रमणीय आणि भाड्याने सर्वांत महाग असते. पावसाळी हवेत ती फुकट मिळाली तरी घेऊ नये.

सागरी चक्रीवादळात मात्र चाकांच्या घराला एक मोठे वरदान आहे. टॉर्नेडो मिनिटांची सूचना देतो, चक्रीवादळ दिवसांची देते. आणि ज्या घराला चाके आहेत त्याने किनाऱ्यावर थांबून राहण्यास कोणतेही कारण नाही. परंतु वाऱ्याचा जोर ताशी साठ-पासष्ट किलोमीटरच्या पुढे गेल्यावर उंच ट्रेलर ओढणे धोक्याचे असते, आणि शेवटच्या दिवशी सर्वच रस्ते गाड्यांनी तुंबलेले असतात. म्हणून दोन-तीन दिवस आधी, सरकारी हुकुमाची वाट न पाहता, टाकी भरून निघावे. उशीर झालाच, तर घर तेथेच सोडून मोटारीने जावे.

निघण्यापूर्वी हाताशी वेळ असेल तर घराचा थोडा बंदोबस्त करता येतो. बाहेर ताणलेली कनात गुंडाळावी, कारण सर्वांत आधी वारा तीच धरतो. कुशीतून बाहेर सरकविलेली खोली आत घ्यावी. पिण्याच्या पाण्याची टाकी भरावी, त्यामुळे तळाशी दीडदोनशे किलो वजन वाढते. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला जोडून ठेवावा. गॅसच्या नळकांड्यांचे खटके बंद करावेत आणि तळावरच्या विजेची तार काढून घ्यावी. विजेच्या बाबतीतही एक भ्रम नाहीसा केला पाहिजे. संपूर्ण धातूच्या कवचाची मोटार आतील माणसाला विजेपासून बरेच संरक्षण देते. फायबरग्लासच्या किंवा लाकडी चौकटीच्या कॅम्परविषयी तसे म्हणता येत नाही. शेवटचा गडगडाट ऐकून अर्धा तास होईपर्यंत इमारतीतून बाहेर पडू नये. दाराशी एक पिशवी सदैव भरलेली असावी: बंद जोडे, विजेरी, शिट्टी, औषधे, महत्त्वाचे दस्तऐवज, गाडीची किल्ली, आणि प्रत्येक माणसामागे एक शिरस्त्राण, मग ते सायकलचे का असेना. टॉर्नेडोत होणाऱ्या दुखापतींत डोक्याच्या जखमा फार घातक ठरतात. वादळ ओसरल्यावर परत जाताना तुटलेल्या तारा व गॅसचा वास यांकडे लक्ष द्यावे, आणि विजेसाठी जनित्र लावावयाचे झाल्यास ते घरापासून दूर लावावे. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना गंध, आणि वादळातून वाचलेली माणसे त्याने झोपेत दगावल्याची उदाहरणे आहेत.

मराठी वाचकाचा या साऱ्याशी संबंध दूरचा राहिलेला नाही. अमेरिकेत स्थायिक झालेली आपली कितीतरी कुटुंबे उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना आणि गावाहून आलेल्या आईवडिलांना घेऊन भाड्याचे कॅम्पर काढतात. आणि २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे, म्हणजे अशाच चाकांच्या घरांतून करावयाच्या पर्यटनाचे, धोरण जाहीर केल्यापासून आपल्याकडेही असे तळ वसू लागण्याची सोय झाली आहे. आपल्याकडे टॉर्नेडो विरळा. पण चैत्र-वैशाखातील वळवाचा झंझावात, मराठवाडा-विदर्भातील वीज, सह्याद्रीतील ओढ्यांना क्षणात येणारे लोंढे, आणि ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर निसर्ग चक्रीवादळाने केलेला संहार आपण अनुभवलेला आहे. विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे साधन कोणालाही फोनवर विनामूल्य घेता येते. जे नवे तळ होतील, त्यांना परवाना देतानाच नदीच्या पूररेषेपासूनचे अंतर आणि एक पक्के आसराघर या दोन अटी शासनाने सक्तीच्या कराव्यात. पाण्याचा नळ आणि शौचकूप यांइतकीच ती प्राथमिक गरज आहे.

प्रवासी मित्रांना एवढीच विनंती की, घराचा मोह मनुष्यस्वभावातच आहे, आणि ज्या घराचे हप्ते अजून फिटावयाचे आहेत त्याचा मोह तर अधिकच असतो. तरीही मेघ दाटून आले की त्या घराकडे पाठ फिरविण्यात कमीपणा मानू नका. नव्या मुक्कामी पोचलात की चाकांना अडसर लावण्याआधी जवळची पक्की इमारत कोणती ते विचारा, मुलांना बोटाला धरून तिथपर्यंत चालत जा, आणि मगच चूल पेटवा.